रॅम्प बांधला, तरी वाचक का येत नाहीत?

एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्यवस्थापन समितीतल्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची इमारत दुमजली आहे. दर्शनी पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला, तळमजल्यावर दिव्यांगांसाठी वेगळे स्वच्छतागृह केले, त्यावर चिन्हही लावले. तरी व्हीलचेअर वापरणारे वाचक जवळपास येतच नाहीत. एका अंध वाचकाने तर 'इथे मला एकट्याला येता येत नाही' असे स्पष्ट सांगितले. आमचे काय राहून गेले? हाताशी पैसे थोडे आहेत, सुरुवात कुठून करावी?"

मी सार्वजनिक इमारतींची सुगम्यता तपासण्याचे काम करते. थेट उत्तर आधी देते. रॅम्प आणि स्वच्छतागृह या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत, पण वाचक घरातून निघून पुस्तक घेऊन परत घरी पोचेपर्यंतची वाट कोणी सलग तपासलेली दिसत नाही. त्या वाटेवर एक जागा जरी अडली, तरी पुढचे सगळे बांधकाम त्या माणसाच्या कामाचे उरत नाही. ही अडलेली जागा पुष्कळदा बांधकामात सापडत नाही, रोजच्या वापरात सापडते: कुलूप, कुंडी, रॅम्पच्या पायथ्याशी लावलेली दुचाकी, बंद पडलेली लिफ्ट, "येण्याआधी कळवायचं ना" म्हणणारा कर्मचारी. ज्याला एकदा दारातून परत जावे लागले, तो तुमच्याकडे तक्रार करायला येत नाही. तो पुन्हा येतच नाही आणि आपल्या ओळखीच्या माणसांनाही तसे सांगतो.

समित्या व्हीलचेअरपाशीच थांबतात, याला एक साधे कारण आहे. जगभर वापरले जाणारे निळे चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले, आणि त्यात चाकाची खुर्ची आहे. ओळखायला सोपे म्हणून ते सगळीकडे पोचले, आणि सुगम्य म्हटले की डोळ्यांसमोर तेवढी खुर्चीच येऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे साधारण सहांतल्या एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. त्यातल्या बहुसंख्य लोकांना व्हीलचेअर लागत नाही. कोणाला कमी दिसते, कोणाला कमी ऐकू येते, कोणाचा गुडघा वाकत नाही, कोणाला गोंगाटात बसवत नाही. अशी माणसे तुमच्या वाचनालयात आजही येत असतील. ती त्रास सोसून येतात आणि लवकर निघून जातात, म्हणून तुमच्या नजरेत भरत नाहीत.

आता रॅम्प. तो उद्याच मोजा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक उतारावर वरच्या बाजूला टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी आडवी समपातळीत आणा, आणि दुसऱ्या टोकापासून खाली रॅम्पच्या पृष्ठभागापर्यंत किती अंतर पडते ते पाहा. आठ सेंटिमीटरच्या आसपास आले तर उतार साधारण १:१२ आहे. बहुतेक मानकांत ही कमाल मर्यादा धरलेली असते. स्वतःच्या हातांनी चाके ढकलत येणाऱ्याला १:१५ किंवा १:२० पुष्कळ बरा पडतो. अंतर बारा-पंधरा सेंटिमीटर आले, तर त्या रॅम्पवरून सामानाची ढकलगाडी जाईल, एकटा माणूस जाणार नाही. चढताना पुढची चाके उचलली जाऊन खुर्ची मागे उलटू शकते, आणि उतरताना हातांना वेग आवरत नाही.

असे का होते तेही सांगते, कारण सगळीकडे ते एकाच पद्धतीने घडते. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, म्हणजे नेहमीच्या तीन पायऱ्या, तर १:१२ च्या हिशेबाने ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. दारापुढे जागा असते अडीच-तीन मीटर. मग गवंडी आहे त्या जागेत उतार बसवतो आणि तो दुप्पट उभा होतो. गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला लांबी कोणी सांगितलेलीच नसते. जागा कमी असेल तर उतार वळवून घ्यावा आणि वळणावर किमान दीड मीटर सपाट जागा सोडावी. तेही जमत नसेल तर बाजूच्या दाराचा विचार करता येतो, पण मग त्या दाराने सगळ्यांनीच ये-जा करावी. इमारतीला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून जायचे आणि कोणीतरी किल्ली घेऊन येईपर्यंत थांबायचे, याला मी प्रवेश म्हणून कधीच मान्यता देत नाही. कागदावर ते चालते, पण ज्याच्यावर ही वेळ येते त्याला आपण इथे नको आहोत हे पुरते कळते.

रॅम्पचा माथा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. दार बाहेर उघडणारे असेल आणि उतार थेट दाराशी संपत असेल, तर माणसाने एका हाताने चाक धरायचे, दुसऱ्याने दार ओढायचे आणि त्याच वेळी मागे सरकायचे. हे जमण्यासारखे नाही. माथ्यावर दीड मीटर सपाट जागा हवी, आणि ओढून उघडायच्या दाराच्या मुठीकडच्या बाजूला किमान ४५ सेंटिमीटर मोकळी भिंत हवी, म्हणजे खुर्ची बाजूला घेऊन दार ओढता येते. नेमक्या याच कोपऱ्यात कुंडी, छत्र्यांचे स्टँड नाहीतर सूचनाफलक ठेवलेला असतो. तो हलवायला पैसे लागत नाहीत.

दाराचेही थोडे पाहा. उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर हवी, ९० असेल तर उत्तम. ही रुंदी चौकटीची मोजायची नाही, उघड्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजायची. उंबरठा १३ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि त्याची कड तासलेली असावी. गोल मूठ संधिवात असलेल्या किंवा एका हाताची पकड गेलेल्या माणसाला फिरवता येत नाही, त्याऐवजी खाली दाबायचा दांडा बसवावा. दार आपोआप बंद करणारा क्लोजर बहुतेक ठिकाणी फार घट्ट केलेला असतो. मुठीला ताणकाटा अडकवून दार ओढून बघा. अमेरिकी मानकात आतल्या दारांना सुमारे २२ न्यूटन, म्हणजे काट्यावर जेमतेम सव्वादोन किलो, एवढीच मर्यादा आहे. क्लोजरचा स्क्रू फिरवून तो सैल करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

रॅम्प झाला म्हणून पायऱ्यांकडे पाठ फिरवू नका. कृत्रिम पाय लावणाऱ्या, कुबड्या वापरणाऱ्या किंवा घोटा न वळणाऱ्या अनेकांना उतारापेक्षा पायऱ्या सोप्या जातात. त्यांना दोन्ही बाजूंना कठडा हवा असतो, कारण कोणाचा डावा हात चालतो, कोणाचा उजवा. कठडा पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे साधारण ३० सेंटिमीटर न्यावा, म्हणजे पायरी संपली हे हाताला आधी कळते. रॅम्पलाही दोन्ही बाजूंना कठडे हवेत, आणि चाक कडेवरून घसरू नये म्हणून कडेला बुटकी कडपट्टी हवी.

आणखी दोन गोष्टी चालणाऱ्या माणसाच्या कधी लक्षात येत नाहीत. एक, वाटेचा आडवा कल. पाणी वाहून जावे म्हणून फरशी एका बाजूला उतरती करतात. हा कल पन्नासास एकपेक्षा फार वाढला, की खुर्ची सतत त्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताने जास्त जोर लावून ती सरळ ठेवावी लागते. शंभर मीटरमध्ये खांदा भरून येतो. दुसरी गोष्ट, गटारावरची जाळी. तिच्या फटी जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर खुर्चीची छोटी पुढची चाके त्यात अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. पांढऱ्या काठीचे टोकही तसेच अडकते. फटी दिशेला आडव्या आणि १३ मिलिमीटरहून अरुंद हव्यात. पुष्कळदा जाळी उचलून काटकोनात फिरवली तरी काम भागते.

स्वच्छतागृहाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते: आत्ता त्याला कुलूप आहे का, आणि असेल तर किल्ली कोणाकडे आहे? दुसरा प्रश्न: आत काय ठेवले आहे? झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या, जुने फलक. मोकळी जागा सोडण्यामागचा हिशेब कोणी सांगितला नाही, की रिकामी जागा वाया जाते आहे असेच सगळ्यांना वाटते. तो हिशेब असा: खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, आणि कमोडच्या एका बाजूला सुमारे ९० सेंटिमीटर रिकामी जागा लागते. खुर्ची तिथे शेजारी लावून माणूस हातांच्या जोरावर बाजूला सरकतो. त्या जागेत एक कचऱ्याचा डबा ठेवला, तरी ते स्वच्छतागृह त्याच्यासाठी बंद झाले.

बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी, म्हणजे ती खुर्चीच्या बैठकीशी जुळते. आधाराचे दांडे भिंतीत इतके पक्के हवेत की प्रौढ माणसाने पूर्ण भार टाकला तरी ते हलू नयेत. तुम्ही स्वतः टाकून बघा. दार बाहेर उघडावे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्या अंगावरच अडते. मदतीची घंटा वाजवायची दोरी जमिनीपर्यंत लोंबती असावी. ती झाडताना मध्ये येते म्हणून गाठ मारून वर बांधलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की तपासणीत आता आधी तीच बघते. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंत कसा पोचणार?

स्वच्छतागृहाचा इतका आग्रह धरण्याचे कारण बांधकामाच्या पलीकडे जाते. बाहेर कुठे सोय होईल याची खात्री नसते, म्हणून व्हीलचेअर वापरणारी कितीतरी माणसे, विशेषतः स्त्रिया, घरातून निघण्याआधी कित्येक तास पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचे विकार त्यातून बळावतात. मणक्याला इजा झालेल्यांसाठी हे विकार गंभीर ठरू शकतात. तुमच्या वाचनालयात चार तास बसून अभ्यास करता येईल की नाही, हे त्या माणसाच्या दृष्टीने या एका खोलीवर ठरते.

आता फाटकाबाहेरचा रस्ता. तो तुमच्या ताब्यात नाही, पण तुमचा वाचक त्यावरूनच येतो. पदपथाची कड उतरती नसेल तर व्हीलचेअर रस्त्यावरून, वाहनांच्या मधून चालवावी लागते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू शहरात १९४० च्या दशकात युद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी अशा उतरत्या कडा केल्या गेल्या. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये दिव्यांग कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे त्या शहरभर होऊ लागल्या. बाबागाडी ढकलणारे पालक, सामान वाहणारे कामगार, चाकाची पेटी ओढणारे प्रवासी असे सगळेच त्या वापरू लागले, हे सर्वांना माहीत आहे.

याच सुधारणेने अंध माणसांची एक खूण मात्र काढून घेतली, आणि हे फारसे सांगितले जात नाही. पदपथाची उंच कड काठीला लागली, की पुढे रस्ता आहे हे कळायचे. कड सपाट झाली की माणूस नकळत वाहनांत उतरू शकतो. एकाची सोय दुसऱ्याला धोका होऊ नये, म्हणून उतरत्या कडेवर पायाला आणि काठीला कळणाऱ्या फरशा बसवतात. जपानमधले सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये अशी फरशी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळ ती पहिल्यांदा बसवली गेली. आज तिची भाषा जगभर जवळपास सारखी आहे: लांब उभट पट्ट्या म्हणजे या दिशेने चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे.

ही भाषा न समजता फरशा बसवल्या तर त्या नसलेल्या बऱ्या. पट्ट्यांची ओळ सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळते, सुंदर दिसावे म्हणून गोल उंचवटे अंगणभर पसरलेले असतात, किंवा फरशीचा रंग आजूबाजूच्या जमिनीशी इतका मिळता असतो की अल्पदृष्टी असलेल्याला ती दिसतच नाही. तुम्ही फरशा घेणार असाल तर फाटक ते मुख्य दार आणि दार ते चौकशीचे टेबल एवढीच सलग वाट करा. तुकड्यातुकड्यांनी बसवू नका.

त्या अंध वाचकाला एकट्याने का येता येत नाही, याचा मी तुमची इमारत न पाहता केलेला अंदाज असा. फाटकातून आत आल्यावर मोकळे अंगण असेल. डोळस माणसाला ते प्रशस्त वाटते. काठीने चालणाऱ्याला मात्र धरून चालण्यासाठी कड लागते: भिंत, कठडा, हिरवळीची किनार, फरशीचा बदललेला पोत. अंगणात यातले काहीच नसेल तर तो दिशा हरवतो. त्यात रोज वेगळ्या जागी लावलेल्या दुचाक्या. वाट बदलली तर ती पुन्हा शिकता येते, पण रोज बदलणारी वाट कोणालाच पाठ होत नाही.

दुसरा अंदाज, हवेत लटकणाऱ्या वस्तूंचा. काठी जमिनीलगत फिरते. साधारण ७० सेंटिमीटर ते दोन मीटर या पट्ट्यात भिंतीतून बाहेर आलेली वस्तू तिला सापडत नाही, ती सरळ छातीला किंवा कपाळाला लागते. अग्निशमनाची नळकांडी, वर्तमानपत्रांची मांडणी, बाहेर उघडणारी खिडकी, जिन्याखालचा तिरका भाग. अशा वस्तू भिंतीपासून १० सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर येत असतील, तर त्यांच्याखाली जमिनीलगत काठीला लागेल असे काहीतरी ठेवा. जिन्याखालचा भाग कठड्याने किंवा जड बाकाने बंद करा. हे काम एका दुपारी होते.

पूर्ण अंध व्यक्तींपेक्षा थोडेफार दिसणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असते, आणि त्यांचा विचार सर्वांत कमी होतो. एकाच रंगाच्या फरशीचा जिना उतरताना त्यांना पायऱ्या सपाट उतारासारख्या दिसतात. प्रत्येक पायरीच्या कडेला साधारण पाच सेंटिमीटर रुंदीचा ठळक, उठून दिसणारा पट्टा रंगवा. तो पुरेसा ठळक आहे का हे तपासायला मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा. त्यात कड हरवत असेल तर रंग बदला. काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर आणि कमरेच्या उंचीवर ठळक खुणा लावा. फलकावरची अक्षरे मोठी असावीत आणि फलक चकचकीत नसावा, कारण उजेडाच्या तिरिपीत तो वाचता येत नाही. ब्रेल जरूर लावा, पण तेवढ्यावर थांबू नका: उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. हाताला लागणारी उठावाची अक्षरे आणि माणसाचा आवाज त्यांना जास्त उपयोगी पडतो.

प्रवेशाची नोंद किंवा पुस्तकांचा शोध स्पर्शपटलावर नेला असेल, तर ती नवी भिंत तुम्ही स्वतःच उभी केली आहे. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही. आवाजाने बोलणारी आणि खऱ्या कळा असलेली सोय त्याच यंत्रात हवी. ती होईपर्यंत, माणसाकडे नोंद करण्याचा पर्याय कोणतीही कुरकुर न करता चालू ठेवा.

कमी ऐकू येणाऱ्यांची अडचण चौकशीच्या टेबलापाशी सुरू होते. मधे काच, मागे पंखा, कर्मचाऱ्याच्या पाठीशी खिडकी. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळोखात जातो आणि ओठ वाचता येत नाहीत. टेबल फिरवून उजेड चेहऱ्यावर घ्या, कागद-पेन कायम ठेवा. पैसे असतील तर टेबलाशी इंडक्शन लूप बसवा. त्यात मायक्रोफोनचा आवाज तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने जातो, आणि ज्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल, म्हणजे हे क्षेत्र टिपणारे छोटे वेटोळे, असते त्याला तो आजूबाजूच्या गोंगाटाशिवाय मिळतो. लूप बसवल्यावर खात्री मात्र श्रवणयंत्र वापरणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण तो बंद पडला तर इतर कोणाला कळणार नाही. घोषणा बोलून करत असाल तर ती लिहूनही दाखवा. धोक्याच्या घंटेसोबत चमकणारा दिवा हवा, आणि तो स्वच्छतागृहातही हवा, कारण बहिरा माणूस तिथे एकटा असतो.

स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी लखलखणारी ट्यूबलाइट बदलणे, एक शांत कोपरा राखणे आणि साध्या चित्रांचे फलक लावणे एवढ्याने बराच फरक पडतो. ज्यांचे अपंगत्व दिसत नाही, म्हणजे हृदयविकार, सततच्या वेदना, लवकर येणारा थकवा, त्यांना बसायला जागा लागते. वाटेवर दर ५० मीटरला पाठ आणि हात टेकता येतील असा बाक ठेवा. ओट्यावरून त्यांना उठता येत नाही. आणि "तुम्ही तर धडधाकट दिसता" हे वाक्य तुमच्या इमारतीत कोणी उच्चारू नये.

हे मला कर्मचाऱ्यांकडे आणते. चांगल्या इमारतीत वाईट वागणूक मिळाली तर माणूस परत येत नाही. उलट, अडचणीच्या इमारतीतही विचारपूस करणारा एक समंजस माणूस असेल तर लोक येतात. कर्मचाऱ्यांना चार गोष्टी शिकवा. प्रश्न सोबतच्या माणसाला न विचारता त्या व्यक्तीलाच विचारावा. कोणाचीही व्हीलचेअर न विचारता ढकलू नये, ती त्याच्या शरीराचाच भाग समजावी. अंध व्यक्तीचा दंड धरून ओढू नये, "मदत हवी का?" विचारावे आणि हो म्हटले तर आपले कोपर धरू द्यावे, म्हणजे ती अर्धे पाऊल मागे राहून आपल्या शरीराच्या हालचालीवरून वाट ओळखते. आणि "तिकडे आहे" न म्हणता "तुमच्या उजव्या हाताला, दहा पावलांवर" असे सांगावे.

तुमच्या समितीतल्या कोणीतरी तासभर व्हीलचेअरवर बसून किंवा डोळ्यांवर पट्टी बांधून पाहणी करावी, अशी सूचना हमखास येते. मी तिच्या विरोधात आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला फक्त भीती कळते. अंध माणसाने वर्षानुवर्षांत कमावलेले कसब, आणि ते कसब नेमके कुठे अडते, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा ज्या वाचकाने तुम्हाला स्पष्ट सांगितले त्यालाच बोलवा. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, एक कर्णबधिर व्यक्ती आणि अल्पदृष्टी असलेली एक व्यक्ती सोबत घ्या. कर्णबधिर व्यक्ती सांकेतिक भाषा वापरत असेल तर दुभाषाही हवा. त्यांना मानधन द्या, कारण तुम्ही त्यांच्या अनुभवाचे आणि वेळेचे काम घेत आहात. फाटकाच्या बाहेरून सुरुवात करा, एक पुस्तक घेऊन बाहेर पडेपर्यंत सोबत चाला, मधे बोलू नका, फक्त लिहून घ्या. एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर जा, कारण सकाळी मोकळी असलेली वाट संध्याकाळी तशी राहत नाही.

पैशांच्या बाबतीत माझा क्रम असा असेल. या आठवड्यात फुकटात होणारी कामे: स्वच्छतागृह रिकामे करणे, कुलूप काढणे, दोरी सोडणे, वाटेतल्या कुंड्या आणि फलक हलवणे, दुचाक्यांची जागा आखून देणे, क्लोजर सैल करणे, टेबल फिरवणे. त्यानंतर थोड्या खर्चाची: पायऱ्यांचे पट्टे, कठडे, मुठी, काचेवरच्या खुणा, दिवे. रॅम्प मोजल्यावर तो फार उभा निघाला तर तो तोडून नीट बांधण्यासाठी पैसे साठवा. मधल्या काळात त्यावर "मदतनीस सोबत हवा" असे प्रामाणिकपणे लिहा आणि घंटा बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, जमिनीपासून ९० ते ११० सेंटिमीटरवर लावा. संकेतस्थळावर किंवा फोनवर खरी माहिती द्या: उतार किती, दार किती रुंद, स्वच्छतागृह कसे, वरचा मजला कसा. "दिव्यांगस्नेही" एवढ्या एका शब्दावर विसंबून कोणी घराबाहेर पडत नाही.

वरच्या मजल्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो आहे. लिफ्ट लगेच होणार नसेल, तर वरची पुस्तके मागितल्यावर खाली आणून द्या आणि वरचे कार्यक्रम तळमजल्यावर घ्या. २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सुगम्यतेसाठी नववे कलम आहे. त्याच करारात, एखाद्या व्यक्तीला गरज असेल तेव्हा अवाजवी भार न पडता करता येणारा बदल करून देण्याचे कर्तव्यही सांगितले आहे, आणि तसा बदल नाकारणे हा भेदभाव मानला आहे. पुस्तक खाली आणून देणे म्हणजे असाच बदल. तो कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न सोडता नियम म्हणून लिहून ठेवा.

लिफ्ट बसवाल तेव्हा आगीचा विचार त्याच बैठकीत करा. साधी लिफ्ट आगीत वापरता येत नाही, म्हणजे जो वर गेला त्याला उतरवणार कसा, हे आधी ठरलेले हवे. जिन्याजवळ धूर न शिरणारी थांबण्याची सुरक्षित जागा, जिन्यावरून खाली नेणारी खास खुर्ची, आणि ती चालवायचा सराव केलेले किमान दोन कर्मचारी प्रत्येक पाळीत लागतात. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आरसा लावा, म्हणजे आत वळायला जागा नसली तरी खुर्ची मागे घेताना दार दिसते. आतल्या मदतीच्या बटणाला आवाजासोबत 'मदत येत आहे' असे दाखवणारा दिवा असावा. आणि देखभालीच्या करारात दुरुस्ती किती तासांत होईल ते लिहून घ्या. ज्या दिवशी लिफ्ट बंद असेल, त्या दिवशी ते सकाळीच फोनवर, संकेतस्थळावर आणि फाटकापाशी कळवा, म्हणजे कोणी दोन वाहने बदलून येऊन जिन्याखाली थांबून राहणार नाही.